नवं व्हर्जन, जुना कोड

'मराठी' या शब्दात अक्षरं किती? तिसरीतलं पोर तीन म्हणेल. पायथन २ ला विचारलं तर उत्तर यायचं १५. पायथन ३ सांगतं ५. ॲपलच्या स्विफ्ट भाषेला विचारलं तर ती पोराच्या बाजूने उभी राहते आणि ३ म्हणते. यातलं कुणीच चुकलेलं नाही. पायथन २ बाइट मोजत होतं, आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. पायथन ३ युनिकोडची चिन्हं मोजतं : म, र, काना, ठ, वेलांटी. स्विफ्ट मोजते ते माणसाच्या डोळ्यांना दिसणारं अक्षर.

हा प्रश्न मी नव्या मुलांना विचारतो आणि ती हसतात. पण ज्याने मराठी नावं छापणारं सॉफ्टवेअर कधी सांभाळलंय त्याला यात हसू येत नाही. नावासाठी ठरावीक जागा, त्यात न मावल्यामुळे मधेच तुटलेलं आडनाव, आणि तुटल्या जागी एक रिकामा चौकोन. बाइट मोजून शब्द कापला की देवनागरीत हेच होतं. पायथन २ मध्येही युनिकोडची सोय होती, पण ती मागून घ्यावी लागे. न मागता मिळायचे ते बाइट. पायथन ३ ने मजकूर वेगळा आणि बाइट वेगळे अशी सरळ फारकत केली. इंग्रजीत काम करणाऱ्याला ज्या त्रासाची कल्पनाही नव्हती तो आपल्याकडे रोजचा होता, त्यामुळे हा बदल आपल्या फायद्याचाच होता.

तरीही तो पचवायला जगाला अकरा वर्षं लागली. प्रोग्रामिंगच्या भाषा आणि फ्रेमवर्क सतत बदलत असतात, दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन येतं, आणि त्याचा डेव्हलपरवर काय परिणाम होतो यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक म्हणतो, शिकत राहा नाहीतर संपलात. दुसरा म्हणतो, हे सगळं बाजाराचं सोंग आहे. वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर मला दोन्ही मतं आळशीपणाची वाटतात. फीचर चांगलं की वाईट हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ते घ्यायचं हे कोण ठरवतं आणि त्याचे हप्ते कोण फेडतं, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक वेळा ही दोन वेगळी माणसं असतात.

पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं. जुना कोड त्यावर जसाच्या तसा चालणार नाही हे पायथनचे जनक ग्विडो व्हान रॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लपवलं नव्हतं. प्रिंट लिहिताना आता कंस द्यावा लागणार होता. तीन भागिले दोनचं उत्तर आधी १ यायचं, ते आता १.५ येणार होतं. मजकुराचं तर वर सांगितलंच. यातली प्रिंटची चूक सज्जन म्हणायची, कारण कंस विसरलात तर प्रोग्राम सुरूच होत नाही. भागाकाराची चूक लबाड. प्रोग्राम चालतो, उत्तरही येतं, फक्त ते कालच्यापेक्षा वेगळं असतं आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत महिना उलटतो.

मग लोक अडले कुठे? लायब्ररींपाशी. तुमचा प्रोग्राम दहा लायब्ररींवर उभा असतो. त्यातली एक जरी पायथन ३ वर गेलेली नसेल तर तुम्हाला हलता येत नाही. ती लायब्ररी लिहिणारा म्हणतो, माझे वापरणारे सगळे पायथन २ वर आहेत, मी कशाला हलू? अशी 'पहले आप' वर्षानुवर्षं चालली. मधल्या काळात २०१० साली आलेलं पायथन २.७ हेच लोकांचं घर झालं. त्याचा आधार २०१५ मध्ये काढून घ्यायचं ठरलं होतं. ती तारीख २०१४ मध्ये पुढे ढकलून १ जानेवारी २०२० केली गेली. ड्रॉपबॉक्स या कंपनीत तर खुद्द ग्विडोच नोकरीला होते, आणि तिथल्या डेस्कटॉप ॲपचं पायथन ३ वर जाणं २०१८ मध्ये पार पडलं. भाषेचा जन्मदाता घरात असताना ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगावं!

पायथनच्या या अनुभवाची धास्ती नंतर बऱ्याच भाषांनी घेतली. पण फ्रेमवर्कवाल्यांनी ती लगेच घेतली नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिसच्या एका परिषदेत गूगलच्या अँग्युलर टीमने आपल्या पुढच्या आवृत्तीचा आराखडा दाखवला. अँग्युलरजेएस २०१० पासून चालू होतं आणि वेब डेव्हलपरांमध्ये तेव्हा त्याचा डंका होता. नव्या आवृत्तीत कंट्रोलर नाहीत, स्कोप नाही, म्हणजे ज्या कल्पनांवर अँग्युलर शिकवलं जायचं त्याच नाहीत. नाव तेच, वस्तू दुसरी. पुण्यात त्या सुमारास मी अँग्युलरजेएसच्या एका प्रोजेक्टवर होतो. बातमी आली तेव्हा टीममध्ये आधी चेष्टा झाली, मग शांतता पसरली. क्लायंटला आम्ही सहा महिन्यांपूर्वीच हे फ्रेमवर्क 'भविष्याचं' म्हणून विकलं होतं. अँग्युलर २ प्रत्यक्षात यायला सप्टेंबर २०१६ उजाडलं. मधली दोन वर्षं नवीन प्रोजेक्ट जुन्यात सुरू करावा की थांबावं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्या पोकळीत रिॲक्ट हा दुसरा पर्याय घुसला तो कायमचा. अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस संपला, पण त्यात लिहिलेली पानं आजही कितीतरी कंपन्यांच्या आतल्या कामकाजात चालू आहेत. ती सांभाळणारा माणूस इंटरव्ह्यूला गेला की समोरचा विचारतो, नव्या अँग्युलरमधले सिग्नल्स वापरलेत का?

अँग्युलर टीमने धडा घेतला हे मान्य करायला हवं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण एका कमांडने बराचसा कोड आपोआप बदलून देण्याची सोय सोबत असते. २०२३ मध्ये सिग्नल्स आले, पानात अट किंवा लूप लिहिण्याची नवी पद्धत आली, आणि तरी जुनं एका रात्रीत मेलं नाही. रिॲक्टने याहून सावध वाट धरली. फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक्स ही कोड लिहिण्याची नवी पद्धत आली तेव्हा त्यांनी बजावून सांगितलं होतं की जुने क्लास कंपोनंट काढून टाकायची गरज नाही, ते चालतच राहतील. शब्द पाळला गेला. क्लास आजही चालतात. पण बाजाराने कुणाला शब्द दिलेला नव्हता. वर्षा-दोन वर्षांत सगळे कोर्स, सगळी उदाहरणं, सगळे इंटरव्ह्यू हुक्समध्ये बोलायला लागले, आणि क्लासमध्ये लिहिलेला धडधाकट कोड 'लेगसी' झाला. २०२० नंतर रिॲक्ट शिकलेल्या मुलाला तो कोड मोडी लिपीसारखा वाटतो. त्यातही युझइफेक्ट नावाच्या हुकने जितके लोक रडवले तितके क्लासने रडवले असतील असं मला वाटत नाही, पण हे माझं मत झालं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्ट टीमने 'क्रिएट रिॲक्ट ॲप' हे साधन अधिकृतपणे निवृत्त केलं. नवशिक्याची पहिली कमांड वर्षानुवर्षं हीच असायची. शहरातल्या किती क्लासेसच्या वह्यांचं पहिलं पान त्या दिवशी जुनं झालं असेल!

बदल नेहमी काही नवं फीचर मिळावं म्हणून होतो असंही नाही. जावामधली गोष्ट पाहा. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर प्रोग्रामना लागणारा जावाचा भाग, जावा ईई, ओरॅकलने २०१७ मध्ये इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवला. कोड दिला, पण 'जावा' या नावावरचा हक्क ओरॅकलने सोडला नाही. त्यातल्या शेकडो क्लासांच्या नावांची सुरुवात 'जावाएक्स' या शब्दाने होत होती. २०१९ मध्ये बोलणी फिसकटली आणि ठरलं की यापुढे या नावाखाली काहीही बदलता येणार नाही. मग २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळीकडे 'जावाएक्स' काढून 'जकार्ता' घालण्यात आलं. वापरणाऱ्याच्या पदरात नवीन काही पडलं नाही, फक्त पाटी बदलली. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं आणि त्याने हीच नावं सक्तीची केली, शिवाय जावा १७ हवंच म्हणून सांगितलं. जगभरच्या टीमनी त्यानंतरचे महिने शोधा-आणि-बदला करण्यात घालवले. शब्द बदलणं मिनिटांचं काम होतं. पण ज्या लायब्ररीने अजून नाव बदललेलं नाही ती शोधणं, तिला पर्याय शोधणं आणि सगळं पुन्हा टेस्ट करणं यात आठवडे गेले. दोन संस्थांच्या वकिलांचं जमलं नाही, आणि त्याचा हप्ता हिंजवडीत शनिवारी ऑफिसला आलेल्या पोरांनी भरला.

इथे थोडं प्रामाणिक व्हायला हवं. या शनिवारांवर आमची चूल पेटते. वायटूके म्हणजे सन २००० च्या तारखांचा घोळ निस्तरायला परदेशी कंपन्यांना माणसं हवी होती, आणि भारतातल्या सॉफ्टवेअर सेवेच्या धंद्याला त्याने मोठा हात दिला. तेव्हापासून जुन्यातून नव्यात नेणं हे आपलं एक मुख्य काम आहे. 'जावा ८ मधून १७ मध्ये मायग्रेशन' असं नाव असलेला प्रोजेक्ट म्हणजे चाळीस माणसांचं वर्षभराचं बिलिंग. तेव्हा भाषा बदलतात म्हणून फार गळा काढायचा अधिकार आपल्याला नाही. पण पैसे कंपनीला मिळतात आणि रात्री डेव्हलपरच्या जातात, हेही तितकंच खरं. कुठलं व्हर्जन घ्यायचं हे ठरवणारा आर्किटेक्ट बहुधा क्लायंटच्या देशात बसलेला असतो. सपोर्टचा फोन वाजतो तो इथे.

आता संशोधन काय म्हणतं ते पाहू. ख्रिस पार्निन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जावातल्या जेनरिक्स या फीचरचा माग काढला. जेनरिक्स २००४ सालचं. याचा उपयोग असा की यादीत काय ठेवलंय ते आधीच जाहीर करता येतं, म्हणजे चुकीची वस्तू ठेवली तर कंपायलरच अडवतो. त्यांनी वीस मुक्त स्रोत प्रोजेक्टचा इतिहास चाळला. दिसलं असं की फीचर टीम घेत नाही, टीममधला एखादा हौशी माणूस घेतो. तोच ते आणतो, तोच वापरतो, बाकीचे बरेच जण तसेच राहतात, आणि जुना कोड नव्या पद्धतीत आणायचं काम फारसं होत नाही. ज्याने टीममध्ये काम केलंय त्याला हा माणूस ओळखता येईल. तो उत्साही असतो, हुशार असतो आणि दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत जातो.

लॅम्डा या दुसऱ्या लाडक्या फीचरवर २०१६ मध्ये उसबेक, स्टेफिक, हानेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी सी++ मध्ये प्रयोग केला. लॅम्डा म्हणजे नाव नसलेलं छोटं फंक्शन, जागच्या जागी लिहिलेलं. कोड आटोपशीर दिसतो. प्रयोगात विद्यार्थ्यांना लॅम्डा वापरून काम पुरं करायला जुन्या पद्धतीपेक्षा जास्त वेळ लागला. अनुभवी लोकांचं नुकसान झालं नाही, पण डोळ्यांत भरावा असा फायदाही दिसला नाही. यावरून लॅम्डा वाईट ठरत नाही. एवढंच ठरतं की 'वाचायला सोपं' या दाव्याच्या पुढे 'कुणाला?' हा प्रश्न जोडायला हवा.

सगळे आकडे असे थंड पाणी ओतणारे नाहीत. २०१७ च्या एका अभ्यासात जावास्क्रिप्टमधले जाहीर झालेले ४०० बग घेऊन पाहिलं की टाइप तपासणारं टाइपस्क्रिप्ट किंवा फ्लो असतं तर त्यातले किती आधीच पकडले गेले असते. उत्तर आलं सुमारे १५ टक्के. फक्त टाइप लिहिल्यामुळे शंभरातले पंधरा बग दारातच थांबत असतील तर ते काही कमी नाही. उलट, कुठल्या भाषेत कमी बग होतात यावर २०१४ मध्ये गिटहबवरच्या ७२९ प्रोजेक्टचा एक गाजलेला अभ्यास झाला होता. दुसऱ्या गटाने तो पुन्हा करून पाहिला तेव्हा २०१९ मध्ये त्यातले बरेच निष्कर्ष टिकले नाहीत आणि जे टिकले त्यांचा परिणाम अगदी किरकोळ निघाला. भाषांच्या भांडणात अजूनही तो पहिला अभ्यास पुढे केला जातो. दुसरा कुणी वाचत नाही.

माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा अँड्रॉइडचा आहे. अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या भगदाडांपैकी मेमरी नीट न हाताळल्यामुळे झालेली भगदाडं २०१९ मध्ये ७६ टक्के होती. २०२४ मध्ये गूगलने सांगितलं की ती २४ टक्क्यांवर आली. यासाठी त्यांनी सी आणि सी++ मधला जुना डोंगर पाडून पुन्हा बांधला नाही. नवीन कोड रस्ट, कॉटलिन, जावा अशा मेमरी सांभाळणाऱ्या भाषांत लिहायला सुरुवात केली आणि जुना बहुतेक जागच्या जागी राहू दिला. जुना कोड जितका मुरतो तितकी त्यातली भगदाडं शोधून बुजवली जातात. नवी भगदाडं बहुतेक नव्या कोडमध्येच जन्मतात. सगळं पुन्हा लिहा म्हणणाऱ्या हौशी मंडळींना हे उदाहरण मी मुद्दाम ऐकवतो. नव्या भाषेचा एवढा मोठा फायदा मिळाला तो जुन्याला फारसा हात न लावता.

जुन्याला हात लावायचा तर कसा, हे गो भाषेकडून शिकावं. मार्च २०१२ मध्ये गो १ आलं तेव्हाच वचन दिलं होतं की आज चालणारा प्रोग्राम उद्याही चालेल. जेनरिक्स द्यायलाही त्यांनी दहा वर्षं घेतली. ते आले मार्च २०२२ मध्ये. लोकांनी नावं ठेवली, चेष्टा केली. पण गोमध्ये एक जुनं दुखणं होतं. लूपमध्ये फिरणारं व्हेरिएबल प्रत्येक फेरीला नवं नसायचं, एकच असायचं. त्याचा पत्ता कुठे जपून ठेवला तर सगळीकडे शेवटच्या फेरीची किंमत दिसायची. २०२० मध्ये वेबसाइटना मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या प्रोग्राममध्ये नेमकं हेच झालं आणि तीस लाखांहून जास्त प्रमाणपत्रं नीट तपासणी न होता दिली गेल्याचं निघालं. हे दुखणं काढायचं तर वचन मोडतं. गोवाल्यांनी मार्ग काढला. फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ मध्ये नवा नियम आला, पण तो लागू होतो फक्त त्या प्रोजेक्टला ज्याने आपल्या फाइलमध्ये 'मी १.२२ चा आहे' असं स्वतः लिहिलंय. बाकीच्यांचा कोड जुन्या नियमानेच चालतो. रस्ट हेच 'एडिशन' या नावाने २०१८ पासून करत आलंय. यात खरी गोम ही की बदलाची वेळ ठरवतो तो कोडचा मालक.

जावानेही अलीकडे एक चांगली सवय लावून घेतली आहे. नवं फीचर आधी 'प्रीव्ह्यू' म्हणून द्यायचं, लोकांनी वापरून पाहायचं, मग कायम करायचं. स्ट्रिंग टेम्प्लेट नावाचं फीचर जावा २१ आणि २२ मध्ये असंच आलं होतं. आराखडा मनासारखा जमला नाही म्हणून २३ मध्ये ते सरळ काढून टाकलं. भाषेत एकदा आलेली गोष्ट बाहेर घालवणं किती अवघड असतं हे ज्याला माहीत आहे त्याला या माघारीचं मोल कळेल. पायथनमध्ये २०१८ साली एका छोट्या चिन्हावरून, ज्याला वॉलरस म्हणतात, इतकी जुंपली की ते फीचर मंजूर केल्यावर ग्विडोंनी भाषेच्या प्रमुखपदावरूनच अंग काढून घेतलं. तीन वर्णांचीही बाब नाही ती, एक कोलन आणि एक बरोबरचं चिन्ह.

असिंक-अवेटबद्दल बोलल्याशिवाय हा आढावा पुरा व्हायचा नाही. नेटवर्ककडून उत्तर येईपर्यंत प्रोग्रामने हात बांधून उभं राहू नये, म्हणून ही सोय. सी# मध्ये ती २०१२ ला आली, पायथनमध्ये २०१५ ला, जावास्क्रिप्टमध्ये २०१७ ला, रस्टमध्ये २०१९ ला. त्याआधी कॉलबॅकच्या आत कॉलबॅकची जी उतरंड लागायची ती आठवली तर हे वरदानच होतं. पण त्याचा स्वभाव सोवळ्यासारखा आहे. एका फंक्शनने सोवळं नेसलं की त्याला हाक मारणाऱ्यालाही नेसावं लागतं, मग त्याला हाक मारणाऱ्याला, असं करत दिंडी दरवाजापर्यंत सगळं घर सोवळ्यात. बॉब नायस्ट्रॉम यांनी २०१५ मध्ये हीच तक्रार फंक्शनच्या रंगांचं रूपक वापरून मांडली होती. जावाने उशीर केला, पण सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड देऊन हे सोवळं-ओवळंच टाळलं. साधा, एकाखाली एक लिहिलेला कोड तसाच ठेवा, वाट पाहण्याचं काम खालची यंत्रणा बघून घेईल. सिंक्रोनाइज्ड शब्द वापरलेल्या जागी व्हर्च्युअल थ्रेड अडकायचा, ती अडचणही मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये बरीचशी सुटली. पंधरा वर्षांपूर्वी जावाला म्हातारी म्हणून हिणवणाऱ्यांत मीही होतो. शब्द मागे घेतो.

नवं न घेण्याचीही किंमत असते, आणि ती आपल्याकडच्या मुलांनी मोजली आहे. बारावीचं कॉम्प्युटर सायन्स असो की इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष, टर्बो सी++ चा निळा पडदा एका अख्ख्या पिढीच्या डोळ्यांत बसला आहे. क्लिअरस्क्रीन, व्हॉइड मेन, आणि हेडरच्या नावापुढे टिंब-एच. सी++ ची प्रमाण आवृत्ती १९९८ मध्ये ठरली तेव्हाच त्या टिंब-एचला रजा मिळाली होती. आमच्या प्रयोगशाळांत ते पुढे दहा-पंधरा वर्षं ठाण मांडून होतं, कारण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तसं लिहिलेलं होतं आणि परीक्षक तेच मागत होते. मुलगी पहिल्या नोकरीत रुजू व्हायची, हाताला वळण लागलेल्या चार ओळी टाइप करायची, आणि कंपायलर पहिल्याच ओळीला नाकारायचा. वर्गात पहिली आलेल्या मुलीचे डोळे भरून आलेले मी पाहिलेत. ती चुकली नव्हती. तिला चौदा वर्षं शिळं वाढलं गेलं होतं.

दुसरीकडे एका तालुक्याच्या गावातली पतसंस्था मला आठवते. तिथला हिशेब व्हीबी ६ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायचा. व्हीबी ६ हे १९९८ चं. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबी डॉट नेट आणलं तेव्हा नाव सारखं आणि आत सगळं निराळं, म्हणून जगभर ओरड झाली होती. अँग्युलरच्या बारा वर्षं आधीचं अँग्युलरच ते. पतसंस्थेला यातलं काही ठाऊक नव्हतं. ज्याने प्रोग्राम लिहिला तो माणूस दुबईला गेला होता, कॅशियर बाई रोज संध्याकाळी बटण दाबून दिवसाचा मेळ काढत होत्या, आणि मेळ बसत होता. 'हे बदलायला हवं का हो, दादा?' असं त्यांनी मला विचारलं तेव्हा सुरक्षेचं वगैरे खरं-खोटं मी बरंच बोललो, पण 'कशासाठी?' या त्यांच्या पुढच्या प्रश्नावर माझं घोडं अडलं. व्हीबी ६ चे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा मायक्रोसॉफ्ट आजही विंडोजसोबत देते.

आता एआय आलाय आणि लोक म्हणतात, वाक्यरचना लक्षात ठेवायची गरजच उरली नाही. अर्धं खरं आहे. माझ्या अनुभवात ही साधनं जुन्या आणि नव्या पद्धती बेमालूम मिसळून देतात, कारण ती ज्यावर शिकली त्यात जुना कोडच जास्त आहे. नुकतंच आलेलं फीचर त्यांना कमी माहीत असतं, आणि काढून टाकलेलं फीचर ती बिनदिक्कत सुचवतात. लिहिण्याचा भार हलका झाला. वाचून निवाडा करण्याचा वाढला. एकाच फाइलमध्ये २०१३ ची, २०१९ ची आणि आजची अशा तीन बोली दिसल्या की कुठली का लिहिली गेली हे कळायला त्या तिन्ही काळांची माहिती लागते. पंधरा वर्षांचा अनुभव म्हणजे जुनं सामान असं समजणाऱ्या एचआरच्या लोकांनी हे एकदा विचारात घ्यावं.

आणि देवनागरीची गोष्ट अजून संपलेली नाही. 'क्षण' या शब्दात क, हलन्त, ष आणि ण अशी युनिकोडची चार चिन्हं आहेत. दिसणारी अक्षरं मोजायचा युनिकोडचा नियम २०२३ पर्यंत त्यात तीन अक्षरं मोजायचा, क् वेगळं आणि ष वेगळं. १५.१ या आवृत्तीत जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला आणि उत्तर दोनवर आलं. आपल्याला हवं तेच झालं. पण ज्यांच्या प्रोग्राममध्ये तीन धरून रकाने आखलेले असतील, त्यांचा रकाना ती लायब्ररी अपडेट झाल्याच्या दिवशी सरकणार.

पहिल्या नोकरीला लागलेल्या वाचकाला एक विनंती. नव्या व्हर्जनच्या रिलीज नोट्स हातात आल्या की 'नवीन काय' हा भाग नंतर वाचा. आधी 'काय काढलं' आणि 'काय बदललं' तो भाग उघडा, त्यातला एकेक शब्द आपल्या कोडमध्ये शोधा, आणि किती ठिकाणी सापडला तो आकडा घेऊन मगच अपग्रेडच्या मीटिंगला जाऊन बसा.